आधी मुलींसाठी खोली बांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे मिनियापोलिसला होते. जावयांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या रिडर अरीनात मुलींची आइस हॉकी बघायला नेलं. २० मिनिटांचे तीन डाव. मध्ये गाडी येऊन बर्फ खरवडते, मागे गरम पाण्याचा हात फिरवत जाते आणि चरे बुजून बर्फ पुन्हा आरशासारखा होतो. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसल्यावर आखाडा दिसतो तसा तो सगळा बर्फ मला जागेवरून दिसत होता.

हे स्टेडियम २००२ साली खास विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकीसाठी बांधलं. अमेरिकेतलं असं पहिलंच. शेजारी १९९३ चं मोठं मारियुची स्टेडियम आहे, मुली आधी तिथेच खेळायच्या. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, हा कायदा तिकडे १९७२ चा. म्हणजे त्यांनाही ३० वर्षं लागलीच. या खेळाचा जामानिमा मोठा: हेल्मेट, पॅड, स्केट्स. तो चढवायला, घामेजलेला वाळवायला हक्काची खोली लागतेच.

मी २७ वर्षं कोल्हापुरात मुलींना खेळ शिकवला. शहरातल्या एका मैदानावर आमच्या फुटबॉलच्या पोरी टेम्पोआड कपडे बदलायच्या. दोघी चादर धरून उभ्या, तिसरी आत. एकदा आमची गोलकीपर दुसऱ्या हाफमध्ये पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसली. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता पोरीनं. प्यायलं तर जायचं कुठं? तिचे पाय चोळताना मला रडू आवरलं नाही.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या नेमबाजांच्या या गावात मैदान सुधारायचं म्हटलं की गॅलरी, फ्लडलाइट, गवत एवढंच बोललं जातं. बर्फाचं स्टेडियम कुणी मागत नाही. प्रत्येक मैदानाला लागून मुलींसाठी एक खोली हवी: आतून कडी, दिवा, खुंट्या, नळाला पाणी असलेलं स्वच्छतागृह. आणि सामन्याच्या दिवशी तिची किल्ली शोधत हिंडावं लागू नये. पुढच्या अंदाजपत्रकात गॅलरीच्या आधी हा खर्च धरावा, ही कळकळीची विनंती.

ती गोलकीपर आता स्वतः एका शाळेत खेळ शिकवते. परवा फोनवर म्हणाली, "बाई, चादरी आम्ही अजून नेतोय."

– एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर