हेडसेट घ्यावा तो समोरच्याला नीट ऐकू जाण्यासाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लासलगाव-पिंपळगावचे कांदा-टोमॅटोचे सौदे असोत, द्राक्षांच्या गाड्यांचे भाडे असो की अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या ऑर्डरी, बोलणे आता कानातल्या वायरलेस हेडसेटवरच होते. खरेदी मात्र गाणी ऐकून केली जाते. नाशिकच्या एम. जी. रोडवर दुकानदार इअरबड हातात देतो, एखादे गाणे लावतो, बास दणदणीत वाटला की बिल होते. आपल्याला काय ऐकू येते, एवढेच त्यातून समजते. फोनवर बोलण्यासाठी हेडसेट घ्यायचा असेल तर समोरच्याला काय ऐकू जाते हे पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत, हे आग्रहाने सांगण्यासाठी हे पत्र.

गाणे चालू असताना ब्लूटूथवरून आवाज फोनकडून कानाकडे, एकाच दिशेने येतो. कॉल लागला की माइकचा आवाजही फोनकडे धाडावा लागतो. मग हेडसेट ‘हँड्सफ्री प्रोफाइल’ नावाच्या वेगळ्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा दर्जा उतरतो. गाण्यासाठी उत्तम असलेला इअरबड कॉलवर डब्यातून बोलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. जुन्या किंवा अगदी स्वस्त हेडसेटमध्ये आवाजाचे सेकंदाला 8,000 नमुने घेतले जातात आणि साधारण 300 ते 3,400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो. ‘स’, ‘श’ यांची धार बरीचशी त्याच्या वर असते, ती कापली जाते. ‘साठ’ म्हटलेले ‘आठ’ ऐकू येते ते इथे, आणि भाव ठरवताना असा घोळ परवडत नाही. 2011 मध्ये आलेल्या हँड्सफ्री प्रोफाइल 1.6 पासून सेकंदाला 16,000 नमुन्यांची सोय झाली, त्यात सुमारे 7,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो. डब्यावर ‘एचडी व्हॉइस’ किंवा ‘वाइडबँड स्पीच’ हे शब्द शोधावेत. फोनमध्ये व्होल्टे (फोर-जीवरून कॉल करण्याची सोय) चालू असणेही तितकेच गरजेचे. रेंज जाऊन कॉल टू-जीवर उतरला तर महागडा हेडसेटसुद्धा आवाज सुधारू शकत नाही.

डब्यावरच्या दोन शब्दांत फार गल्लत होते. एएनसी म्हणजे बाहेरचा गोंगाट तुमच्या कानात कमी करणारी सोय. ईएनसी म्हणजे तुमच्या माइकमधून समोरच्याकडे जाणारा गोंगाट कमी करणारी. कॉलसाठी दुसरी महत्त्वाची, आणि ती बहुधा दोन किंवा जास्त माइकच्या आधाराने चालते. पंख्याची घरघर, मशिनचा एकसुरी आवाज ती बऱ्यापैकी दाबते. शेजारी कोणी मोठ्याने बोलत असेल तर मात्र तिचा गोंधळ होतो, कारण तोही माणसाचाच आवाज. वाऱ्यापुढेही ती कमी पडते. वारा थेट माइकच्या भोकावर आदळतो आणि नुसता खरखराट जातो. बागेत फवारणीचा ब्लोअर चालू असताना किंवा कारखान्याच्या शेडमध्ये प्रेस मशिनजवळ बोलायचे असेल तर तोंडापर्यंत दांडी येणारा, पुढे फोम लावलेला माइक असलेला हेडसेटच घ्यावा. दिसायला तो कॉल सेंटरसारखा असेल, पण माइक तोंडाच्या जितका जवळ, तितका तुमचा आवाज गोंगाटापेक्षा वरचढ राहतो. हे काम कोणत्याही सॉफ्टवेअरला तेवढे जमत नाही.

पाहण्याची रीत सोपी आहे. दुकानातच हेडसेट आपल्या फोनला जोडावा, फोन खिशात ठेवावा आणि दारात, रहदारीकडे तोंड करून घरच्या माणसाला फोन लावावा. नेहमीच्या आवाजात दहा आकडी मोबाइल नंबर सांगावा, मग सात, साठ, आठ, साडेसात, पन्नास, पंचावन्न असे आकडे. त्याने ते जसेच्या तसे परत म्हणून दाखवावेत. एकदा मान डावीकडे-उजवीकडे वळवून, एकदा फोन दुसऱ्या खिशात टाकून पुन्हा तेच करावे. फोनच्या रेकॉर्डर अॅपवर ही परीक्षा घेऊ नये. कित्येक फोनमध्ये ते अॅप हेडसेटचा नव्हे, फोनचाच माइक वापरते आणि आवाज फसवा चांगला येतो.

खिसा बदलून पाहण्याला कारण आहे. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालते आणि आपले पाण्याने भरलेले शरीर त्या लहरी शोषून घेते. मोकळ्यावर 10 मीटर चालणारा हेडसेट, फोन डाव्या मागच्या खिशात आणि माइकचा बड उजव्या कानात असला की हातभर अंतरावरही तुटक चालू लागतो. फोन त्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

नेकबँडचा, म्हणजे गळ्यात अडकवायच्या हेडसेटचा माइक गळ्याजवळच्या वायरीवर असतो. जानेवारीत निफाडकडे पारा उतरला की मफलरखाली तो झाकला जातो, आणि शर्टाची कॉलर घासली की समोरच्याला करकर ऐकू येते. बाकी दिवसभर बोलणाऱ्यांसाठी नेकबँड सोयीचा, कारण बॅटरी मोठी आणि हरवण्याची भीती कमी. दोन्ही कान घट्ट बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि माणूस उगाच ओरडून बोलतो; अशा वेळी एकच बड वापरावा. डब्यातली कानात बसणारी तिन्ही मापांची रबरे लावून पाहावीत.

‘40 तास’ हा आकडा बहुधा केसमधली चार्जिंग धरून, मध्यम आवाजात गाणी ऐकण्याचा असतो. बोलण्याचे तास वेगळे विचारावेत. माइक आणि दोन्ही दिशांचे प्रसारण चालू असल्याने ते कमी भरतात. ‘नवा हेडसेट चार्जच होत नाही’ ही तक्रार कित्येकदा केबलची असते. काही स्वस्त हेडसेटच्या टाइप-सी पोर्टमध्ये आवश्यक ते छोटे रोधक (रेझिस्टर) बसवलेले नसतात, म्हणून दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जर वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की चार्जिंग सुरू होते. एकच बड चार्ज होत नसेल तर केसमधल्या आणि बडवरच्या पिना कोरड्या कापसाच्या काडीने पुसाव्यात, तिथे घाम आणि मळ बसतो. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर हेडसेट ठेवू नये. वापरात नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहावा. पूर्ण उतरलेला लिथियम सेल पडून राहिला की मरतो.

आवाज हळूहळू बारीक झाला तर आधी जाळी पाहावी. कानातला मळ तिथे साचतो. रबरे काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळवावीत. जाळी मऊ कोरड्या ब्रशने, भोक खाली धरून झाडावी. सुई घालू नये, आतला पडदा फाटतो.

हेडसेट फोनला सापडत नसेल तर बहुधा तो घरातल्या दुसऱ्या फोनला जाऊन चिकटलेला असतो. त्या फोनचे ब्लूटूथ बंद करावे, आपल्या फोनमधली जुनी नोंद काढून टाकावी आणि दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून नव्याने जोडावा. गाणी ऐकू येतात पण कॉल येत नाही, असे असेल तर ब्लूटूथच्या यादीत हेडसेटच्या नावापुढच्या चाकावर दाबून ‘कॉल’ची कळ चालू आहे का पाहावे.

द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर हेडसेट घालून दुचाकी चालवणाऱ्यांना मात्र कळकळीची विनंती आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये हातातल्या फोनचा उल्लेख आला, पण तेवढ्याने हेडसेट सुरक्षित ठरत नाही. हँड्सफ्री फोनही हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लक्ष बोलण्यात गुंतते, हात मोकळे असले तरी. गाडी बाजूला घेऊन बोलावे.

डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा, तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकून कंपनीचे नाव जुळते का, हे दुकानातच पाहता येते. पक्के बिल घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

शहरातल्या विक्रेत्यांना एकच मागणे आहे: प्रत्येक मॉडेलचा एक नग ग्राहकाला कॉल करून पाहण्यासाठी उघडा ठेवा, प्रत्येक ग्राहकागणिक रबरे बदला आणि जुने हेडसेट परत घेण्यासाठी काउंटरवर एक डबा ठेवा. फुगलेला किंवा बंद पडलेला हेडसेट आज घंटागाडीत जातो, आणि कचरा दाबताना त्यातला सेल चिरडला तर पेट घेऊ शकतो.

आपला,
मोबाइल दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
नाशिक