भूकंप किती खोल होता तेही वर छापा की

संपादक महोदय, स.न.

हिंदुकुशमधे चार-साडेचारचा भूकंप झाला की तासाभरात आपल्याकडे हेडिंग येतं "अफगाणिस्तान पुन्हा हादरलं", सोबत मधोमध तडा गेलेल्या रस्त्याचा फोटो, आणि पार शेवटच्या ओळीत कुठेतरी लिहिलेलं असतं खोली २०० किमी. अहो २०० किमी खोल आणि साडेचारचा असेल तर रस्त्याला तडा सोडा, वर बसलेल्या माणसाच्या हातातला चहाही सांडत नाही बहुतेक वेळा. तो फोटो कुठल्या भूकंपाचा असतो ते एकदा कळवा मला.

मुद्दा एवढाच आहे की रिश्टरचा आकडा एकटा छापून काही कळत नाही, खोली त्याच्या शेजारीच पाहिजे. हिंदुकुशच्या खाली जमिनीचा एक जुना जाड तुकडा जवळजवळ उभाच पृथ्वीच्या पोटात लोंबतोय, स्वतःच्याच वजनाने ताणला जातोय, त्यामुळे तिथे ७० पासून २५० किमीपर्यंत खोल भूकंप सारखे होत असतात. खरं तर तेवढ्या खाली दगड इतका तापलेला आणि दाबलेला असतो की तो मोडण्याऐवजी मऊ पडून वाकायला हवा, तरी भूकंप होतात. खनिजांमधे अडकलेलं पाणी त्या दाबात सुटतं आणि त्यानेच दगड मोडायला मदत होते असं शास्त्रज्ञ सांगतात. हे वाचायला किती भारी आहे, पण बातमीत कधीच नसतं.

साधा हिशोब बघा. भूकंप २०० किमी खाली झाला तर बरोब्बर त्याच्या डोक्यावर उभा असलेला माणूससुद्धा त्याच्यापासून २०० किमी लांबच असतो. आणि तिथून १०० किमी बाजूला राहणारा किती लांब, तर साधारण २२४. म्हणजे दोघांना जवळपास सारखंच जाणवणार, कुणालाच फार जोरात नाही पण खूप लांबपर्यंत. २१ मार्च २०२३ ला रात्री आपल्या घड्याळात सव्वादहाला तिथे ६.५ चा झाला होता, खोली १८७ किमी, तेव्हा हजार किमीवर दिल्लीत लोक जिने उतरून खाली आले होते. माझा भाचा तेव्हा तिथे शिकायला होता, तो म्हणाला मामा धक्का असा नव्हताच, झोपाळ्यावर बसल्यासारखं हळूहळू हलत होतं आणि पंखा बंद असून डोलत होता. आमच्या आईने मात्र पेपरच्या साइटवरचं हेडिंग वाचून त्याला रात्रभर झोपू दिलं नाही, दर अर्ध्या तासाला फोन, आता आफ्टरशॉक येईल खाली जाऊन थांब म्हणून. इतक्या खोल भूकंपांना आफ्टरशॉक सहसा कमीच असतात, पण बातमीत लिहिलेलं होतं ना "आणखी धक्क्यांची भीती".

आता उलटं बघा. ऑक्टोबर २०१५ मधे हिंदुकुशमधेच ७.५ चा झाला, २०० किमीहून खोल, अफगाणिस्तान-पाकिस्तान मिळून सुमारे ४०० माणसं गेली. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीला अफगाणिस्तानातल्याच कुनारमधे झाला तो फक्त ६.० चा, म्हणजे ऊर्जा दीडशेव्या भागाहूनही कमी, पण खोली जेमतेम ८ किमी, आणि दोन हजारांहून जास्त माणसं गेली. नुसतं खोलीमुळे असं मी म्हणत नाही, रात्रीची वेळ, दगडमातीची घरं, डोंगर घसरून बंद झालेले रस्ते हे सगळं होतंच. पण हेडिंगमधे फक्त आकडा बघणाऱ्याला कुनारचा भूकंप किरकोळ वाटला असता की नाही सांगा. आपल्या किल्लारीचाही ६.२ चाच होता आणि उथळ होता, हे तरी आपण विसरायला नको.

अजून एक बारीक खुसपट काढतो. "केंद्रबिंदू अमुक गावाजवळ" आणि "केंद्रबिंदू जमिनीखाली २०० किमी" असं दोन्ही एकाच बातमीत असतं. खाली जिथे भूकंप सुरू होतो ती नाभी, तिच्या बरोबर वर जमिनीवर असतं ते अपिकेंद्र, शाळेच्या भूगोलात आहे हे. आणि खोली बरोब्बर १० किमी दिसली तर जरा दम धरा, पुरेसा डेटा आलेला नसला की कधीकधी ठरलेला आकडा म्हणून १० टाकतात आणि नंतर तो बदलतो. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या पोस्टमधे तीव्रता, वेळ, खोली सगळं शेजारी शेजारी दिलेलं असतं, तुमच्या डेस्कवर येईपर्यंत खोली शेवटच्या ओळीत कशी काय जाते कळत नाही.

कळावे,
आपला एक रोजचा वाचक