महसीर सोडला, पण कोणता?

महोदय,

अमुक धरणात 'महसीरचे बीज' सोडल्याची बातमी पावसाळ्यात छायाचित्रासह छापून येते. बोटुकलीचा, म्हणजे बोटभर पिलांचा, आकडा ठळक असतो. जात कोणती आणि तिचे आईबाप कोणत्या नदीतले, हे मात्र राहून जाते. खरे तर बातमी तीच आहे.

महसीर हे एकाच माशाचे नाव नाही. आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातला निळसर परांचा तो टॉर खुदरी. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांत सोनेरी टॉर पुटिटोरा, नर्मदेत टॉर टॉर आणि कावेरीत पाठीला कुबड असलेला टॉर रेमादेवी. 'खुदरी' हे नाव सायक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी-निसर्गअभ्यासकाने 1839 मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशाला दिले. त्याच वेळी त्याने शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका माशाला 'मुस्सुल्ला' म्हटले. पुढे कित्येक वर्षे कुबडाच्या महसीरलाच मुस्सुल्ला समजले गेले. प्रत्यक्षात घोड नदीतला तो मासा महसीर नाहीच, हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातला आहे. तज्ज्ञांची ही गत, तर बाजारात सायप्रिनसला (कॉमन कार्पला) महसीर म्हणून खपवले जाते याचे नवल कसले?

ओळखायला दोन मिनिटे पुरतात. कल्ल्याच्या मागच्या कडेपासून शेपटीच्या बुडापर्यंत, कुशीवरच्या रेघेतले बारीक छिद्र असलेले खवले मोजावेत. महसीरला ते साधारण 22 ते 28 भरतात. सायप्रिनसला 35 ते 39, गवत्या (ग्रास कार्प) आणि हिप्सेलोबार्बसला चाळिशीच्या आसपास. मग तोंड पाहावे. मिशांच्या दोन जोड्या महसीरला असतात तशा सायप्रिनसलाही असतात, त्यामुळे 'मिशा आहेत' एवढ्यावर जाऊ नये. गवत्याला त्या नसतातच. सायप्रिनसच्या पाठीचा पर लांबलचक आणि त्याचा काटा करवतीसारखा दातेरी, महसीरचा पर आखूड आणि काटा गुळगुळीत. खालच्या ओठाला मधोमध मांसल लोंबती पाळी असेल तर महसीर. हिप्सेलोबार्बसला ती नसते.

खरी अडचण पुढे आहे, महसीर-महसीरमधला फरक. डोक्याची लांबी आणि अंगाची उंची ताडून पाहतात. पुटिटोराचे डोके उंचीपेक्षा लांब, टॉर टॉरचे आखूड, खुदरीचे जवळपास बरोबरीचे. पण हे माप मोठ्या माशालाच लावावे. पोट अंड्यांनी भरलेली मादी उंचीला जास्त भरते आणि माप चुकते. रंगावर तर विसंबूच नये, पाणी बदलले की तो बदलतो. ओठांची जाडीही तशीच. खडकाळ, धावत्या पाण्यातल्या माशाचे ओठ जाड होतात, त्यावरून जात ठरत नाही. शंका उरलीच तर पराचा नखाएवढा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून डीएनए तपासणीला द्यावा. फॉर्मालिनमध्ये ठेवला की डीएनए खराब होतो.

महसीर-महसीरमधला फरक सांगणारी ही मापे दोन इंची बोटुकलीवर चालत नाहीत. तिच्याकडे पाहून जात सांगतो म्हणणारा अंदाजच सांगत असतो. म्हणून ओळख पटवायची ती प्रजनक माशांची, म्हणजे बीजाच्या आईबापांची, पिलांची नव्हे.

हे न पाहिल्याने काय होते, ते कावेरीत दिसले. तिथल्या कुबडाच्या महसीरचा 1946 मधला 120 पौंडांचा मासा गळाने पकडणाऱ्यांत आजही विक्रम म्हणून सांगितला जातो. लोणावळ्याच्या वळवण मत्स्यबीज केंद्रात तयार झालेले खुदरीचे बीज 1970 च्या दशकापासून कावेरीत सोडले गेले. हेतू चांगलाच होता, मासे वाढलेही. पण गळाला लागणाऱ्या माशांच्या नोंदींत निळ्या परांचा खुदरी वाढत गेला आणि कुबडाचा दिसेनासा होत गेला. रेमादेवी हे नाव 2007 मध्ये पांबार या कावेरीच्या उपनदीतल्या लहान माशांवरून दिले गेले होते. कुबडाचा महसीर तोच, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. ज्याची धड ओळखच पटलेली नव्हती, त्याचे संवर्धन करणार तरी कोण? वाळूउपसा, जिलेटिनचे स्फोट आणि धरणांनी अडवलेल्या वाटा या घातक गोष्टी होत्याच, त्यात घरच्याच बीजाची भर पडली.

आपल्याकडे उलटे संकट येऊ शकते. वळवणला पुटिटोराही आणून वाढवला गेला आणि खुदरीशी त्याचा संकरही केला गेला. असे बीज भीमेच्या वरच्या अंगाला गेले, तर अस्सल खुदरी कुठे शोधायचा? वाळणकोंडला काळ नदीच्या डोहात आणि वैतरणेकाठी तिळसे इथे देवाच्या नावाने राखलेले मासे आहेत. त्या पाण्यात तर बाहेरचे बीज अजिबात सोडू नये.

महसीरची वीण मुळात तोकडी. रोहूची मादी किलोमागे लाखांनी अंडी देते, महसीरची काही हजारच, तीही हप्त्याहप्त्याने. अंडी जड असल्याने तळाच्या वाळू-गोट्यांत बसतात. गाळ साचला की ती गुदमरतात. म्हणून धरणात बीज ओतण्याआधी पावसाळ्यात मासा जिथे चढतो तो ओढा वाळूउपशापासून राखणे जास्त कामाचे.

मत्स्यव्यवसाय विभागाने प्रत्येक खेपेसोबत प्रजनकांची जात, मूळ नदी आणि नर-माद्यांची संख्या जाहीर करावी. प्रजनकांची डाव्या कुशीवरून पट्टी ठेवून घेतलेली छायाचित्रे आणि ओठाचे जवळून घेतलेले एक छायाचित्रही सोबत द्यावे. आपल्या वार्ताहरांनी आकड्याआधी हा कागद मागावा आणि तो नसेल, तर तसे बातमीत लिहावे.

— गोड्या पाण्यातील माशांचे अभ्यासक, पुणे