गच्चीवरचा दिवा

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वसतिगृहात गेल्यापासून आपण रोज फोनवर बोलतो, पण ते बोलणे झोप झाली का, अभ्यास कुठवर आला, यापलीकडे फारसे जात नाही. मनातले सांगायला सुरुवात केली की दोन वाक्यांत आटोपते आणि उरलेले तसेच राहून जाते, म्हणून आज पत्र लिहायला बसले आहे. मला तुझ्या आकाशनिरीक्षणाविषयी लिहायचे आहे, त्यासाठीच्या ऑनलाइन समूहातून तुला मिळालेल्या दूरदूरच्या माणसांविषयी लिहायचे आहे, आणि गेल्या हिवाळ्यातल्या त्या एका रात्रीविषयीही.

त्या रात्री तुला गच्चीवर जाऊन बराच वेळ झाला होता. मी वर आले, तू अंधारात दिसलास आणि काही न विचारता मी दिवा लावला. तू डोळ्यांवर हात घेऊन ओरडलास, "आई, तुला काही कळत नाही!" मलाही राग आला. परीक्षा तोंडावर असताना अनोळखी माणसांना आकडे कळवण्यासाठी जागरण कशाला, असे बोलून मी खाली आले. त्यानंतर तो विषय तूही काढला नाहीस आणि मीही काढला नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ती सारी वाट पाहणे वाया जाते, हे मला पुढे केव्हातरी वाचून कळले. तुलाच विचारले असते तर ते त्याच रात्री कळले असते.

जाताना तू तुझी नोंदवही माझ्याकडे ठेवायला दिलीस. ती मी आता पूर्ण वाचली आहे. त्या रात्रीच्या पानावर अल्गोल या ताऱ्याची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा (तो जितका मोठा तितका तारा अंधुक), 2.9 अशी लिहिलेली आहे आणि शेजारी बारीक अक्षरात "उजेडामुळे नोंद अनिश्चित" असे आहे. आईने दिवा लावला, असे तू लिहिले नाहीस. आकडा थोडा सफाईदार करून पाठवला असता तरी कोणाला कळले नसते, तेही तू केले नाहीस. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचले. आपला अंदाज लिहून होईपर्यंत आधीच्या नोंदींकडे पाहायचे नाही, नाहीतर डोळ्यांना जे दिसायला हवे तेच दिसू लागते, हा तुमचा नियमही मला तिथेच सापडला. खात्री नसेल तर तसे लिहावे, हे मी तुला तोंडाने अनेकदा सांगितले असेल, पण ते तुझ्या हातात मुरवले ते त्या माणसांनी, ज्यांच्यापैकी एकालाही तू प्रत्यक्ष भेटलेला नाहीस. हे मान्य करायला मला वेळ लागला.

ऑनलाइन समूह म्हटला की वेळ दवडण्याची जागा, असे माझ्या मनाने आधीच ठरवून टाकले होते. मग मी थोडे वाचले आणि दिसले की रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांची नोंद ठेवणारी माणसे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून एकमेकांना शोधत आली आहेत. अल्गोलचाच तेज कमी-जास्त होण्याचा नियमित काळ 1783 मध्ये जॉन गुडरिक या तरुणाने काढला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि लहानपणापासून त्याला ऐकू येत नव्हते. एक अंधुक सोबती दर फेरीत त्या ताऱ्यासमोरून जात असावा, हा त्याने सुचवलेला एक खुलासा शंभरहून अधिक वर्षांनी खरा ठरला. त्याच्या जवळच राहणारा एडवर्ड पिगॉट त्याच्याबरोबर निरीक्षण करीत असे आणि दोघे आपले आकडे ताडून पाहत. पिगॉटचे वडीलही आकाशाचे अभ्यासक होते, हे वाचताना मला आपल्या घराची आठवण झाली आणि थोडे वाईटही वाटले. पुढे 1911 मध्ये अमेरिकेत याच कामासाठी हौशी निरीक्षकांची संघटना स्थापन झाली. तिच्या सभासदांनी वर्षानुवर्षे टपालाने पाठवलेल्या नोंदी आजही संशोधकांना उपयोगी पडतात. तुमचा समूह त्याच परंपरेतला आहे, फक्त टपालाची जागा पडद्याने घेतली आहे.

2019 च्या अखेरीस काक्षी हा मृग नक्षत्रातला तांबूस तारा मंद होऊ लागला आणि 2020 च्या फेब्रुवारीत त्याचे तेज नेहमीच्या तुलनेत निम्म्याहून खाली गेले, तेव्हा आता त्याचा स्फोट होणार अशी चर्चा सगळीकडे रंगली होती. त्या काळातही हौशी निरीक्षक रोजचे आकडे शांतपणे लिहीत राहिले, आणि ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून बनलेल्या धुळीने त्याचा उजेड अडवला होता, हे नंतर स्पष्ट झाले. ज्या समूहात आरड्याओरड्यापेक्षा नोंदीला मान आहे, तिथे तू वेळ घालवतोस याचा मला आता आनंद वाटतो. मध्यंतरी तू चंद्राची छायाचित्रे दुसरीकडे टाकत होतास आणि किती जणांना आवडली हे दर दहा मिनिटांनी पाहत होतास, तेव्हा तुझा चेहरा वेगळाच असे. ते तू स्वतःहून सोडलेस, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र लिहिणारच आहे, कारण ती मनाला लागून राहिली आहे. सुटीत तू मला समूहातले एक संभाषण दाखवलेस. कोणी नवखा मनुष्य ययाती हा तारकासमूह कसा ओळखायचा, हे तिसऱ्यांदा विचारत होता, आणि तू तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे, आधी शेजारचा शर्मिष्ठा तारकासमूह शोधा, मग तिथून खाली या, असे समजावून सांगितले होतेस. ते वाचून मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तुझे बाबा आठवले. त्यांनी कितीतरी संध्याकाळी तुला "आज कोणता तारा?" असे विचारले होते आणि तू "काही नाही" म्हणून जिना चढून गेला होतास. त्यांनाही ययाती ओळखता येत नाही, बाळा. आपल्या माणसांना आपले आवडते काम समजणार नाही, असे तू धरून चाललास आणि तुझे आवडते काम समजून घेण्यासारखे नाही, असे मी धरून चालले. यात चूक आधी माझी होती, कारण मी मोठी आहे आणि विचारायला मला कोणी अडवले नव्हते. तरीही त्या नवख्या माणसाच्या वाट्याला जो धीर आला, त्यातला थोडा घरातही यावा, असे मला वाटते.

गेल्या महिन्यापासून मी गच्चीवर जाते. तुझ्या आजीला शर्मिष्ठा, देवयानी आणि ययाती यांची गोष्ट पाठ आहे, पण तिघेही आकाशात शेजारी-शेजारी आहेत, हे तिने पहिल्यांदा पाहिले. तुझ्या वहीतल्या नकाशावरून अल्गोल मला चौथ्या रात्री सापडला. त्याचे तेज दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी पुन्हा सर्वांत कमी होते, म्हणजे 2.1 वरून साधारण 3.4 प्रतीपर्यंत उतरते, हे मी तुझ्याच अक्षरातून शिकले. वहीच्या कडेला हिशेबही करून पाहिला. बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर 1 वाजून 40 मिनिटांनी तो अंधुक होईल आणि त्यानंतरची वेळ शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास येईल.

शनिवारी तू तुझ्या वसतिगृहाच्या गच्चीवरून पाहा, आम्ही इथून पाहू. दोघांनीही आपापला आकडा आधी लिहायचा आणि मगच एकमेकांना कळवायचा. बाबाही येणार आहेत आणि दिवा कोणीही लावणार नाही. माझा हिशेब चुकला असेल तर शनिवारच्या आत कळव, आणि कुठे चुकला तेही नीट समजावून सांग.

तुझी,
आई