‘व्यायाम करताना कोसळला’ – पुढचे दोन प्रश्नही विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘व्यायाम करताना हृदयविकाराचा झटका’ असा मथळा कुठे झळकला की पुढचे काही दिवस माझ्याकडे येणारी मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : “मॅडम, मग हे चालणं-बिलणं बंदच करू का?” मी फिजिओथेरपिस्ट आहे. झटक्यातून उठलेल्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. त्या बातम्या खोट्या नसतात, अर्धवट असतात.

सवय नसताना एकदम जोर केला तर त्या वेळेपुरता झटक्याचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण तो सर्वांत जास्त वाढतो एरवी बसून असणाऱ्यांमध्ये. नियमित व्यायाम करणाऱ्यात ही वाढ फार कमी असते. म्हणजे बातमीतला माणूस व्यायामामुळे गेला की इतकी वर्षं न केलेल्या व्यायामामुळे, हे विचारल्याशिवाय त्यातून काहीच निष्कर्ष निघत नाही.

लंडनच्या दुमजली बसवरचा जेरेमी मॉरिस यांचा १९५३ सालचा अभ्यास डॉक्टरांना पाठ असतो, बाकीच्यांना क्वचितच. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आढळला. पुढे गणवेशांची मापं तपासली तेव्हा चालकांच्या कमरा मुळातच मोठ्या निघाल्या! तेव्हा केवळ या एका अभ्यासावर भिस्त ठेवू नये. पण नंतरच्या दशकांत वेगवेगळ्या व्यवसायांतल्या माणसांवर झालेल्या पाहण्यांचा कौलही त्याच बाजूने पडला.

व्यायाम म्हणजे वजन आणि कोलेस्टेरॉल एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. वजनकाटा हलला नाही की लोक बूट कोपऱ्यात टाकतात. वास्तविक काटा तसूभर न हलताही आत बरंच काही बदलत असतं. रक्ताचा वेग वाढला की धमन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड जास्त सुटतं आणि धमनी सैलावते. विश्रांतीच्या वेळची नाडी उतरते. मिनिटाला दहा ठोके कमी म्हणजे दिवसाला १४,४०० ठोक्यांची बचत. शिवाय हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या उसंतीत, आणि ही उसंतही लांबते.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते याच्याही पुढचं. १९८६ साली कुत्र्यांवरच्या एका प्रयोगात हृदयाचा रक्तपुरवठा आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा अडवला आणि मग ४० मिनिटं बंद ठेवला. थेट ४० मिनिटं बंद ठेवलेल्या हृदयांपेक्षा या हृदयांचं नुकसान कितीतरी कमी झालं. छोट्या ताणांनी स्नायू मोठ्या संकटासाठी तयार झाला होता. व्यायामानेही अशी तयारी होते, असं पुढे उंदरांवर दिसलं. तीन दिवसांच्या व्यायामाने मिळालेलं हे संरक्षण व्यायाम थांबवल्यावर नऊ दिवसांनीही टिकून होतं, अठराव्या दिवशी मात्र उरलं नव्हतं. उंदरांचे दिवस माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ‘कॉलेजात असताना मी भरपूर खेळलोय’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रयोग ऐकवते.

न हलण्याचा हिशोबही मांडायला हवा. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. त्याच पाचजणांना ३० वर्षांनी तपासलं तर वयाने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी भरली!

माझ्याकडे पहिल्या दिवशी ट्रेडमिलवर चढलेला माणूस पुढचा दांडा असा आवळतो की बोटांची पेरं पांढरी पडतात. नजर मॉनिटरवरच्या आकड्यावर खिळलेली, आकडा जरा चढला की “थांबवा, थांबवा”. काही आठवड्यांनी त्याच वेगाला त्याची नाडी पूर्वीपेक्षा खाली असते आणि हात मोकळे. बोलायला दम पुरतो, म्हणून तक्रारीही सुरू होतात.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागला तर तो मध्यम. सुरुवात हळू करावी, आधीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घेरी यांपैकी काहीही झालं तर जागीच थांबून तातडीने मदत मागवावी. ‘अंग गरम झालं की जाईल’ म्हणत रेटू नये.

आपल्या वार्ताहरांना एवढीच विनंती की अशी बातमी देताना दोन गोष्टी विचारून छापाव्यात : ती व्यक्ती एरवी नियमित व्यायाम करत होती का, आणि आधीच्या दिवसांत तिला काही त्रास जाणवत होता का? उत्तर मिळालं नाही, तर तसंही छापावं.

आपली,
एक वाचक