दत्त्या, आबांना एक फोन कर

प्रिय दत्त्या,

तुझे मिसकॉल बघितलेत, दिवाळीचा मेसेज पण बघितलाय, त्याला नुसता अंगठा टाकून गप बसलो हे पण खरंय. आधी शिव्या घालून घे, मग पुढं वाच. फोनच केला असता पण घरात फोन लावला की आबा कान टवकारून बसतेत आणि हे सगळं त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून शाळेच्या ऑफिसात बसून टाइप करायलोय, हेडमास्तर मीटिंगला गेलेत. बाकी सगळे बरे आहोत. माझी पाठ तशीच, मायचे गुडघे तसेच.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, काय झालं ते ऐक.

दरवर्षीसारखं सगळं बिऱ्हाड शेतात. कोपी केली, पांडवांच्या दगडांना चुना लावला, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर, सगळं साग्रसंगीत. पण थोरली आत्या उदगीरहून यायची होती, तिची गाडी रखडली आणि तिच्यासाठी थांबता थांबता पूजेलाच दीड वाजला. आबा सकाळी सातला शुगरच्या गोळ्या घेऊन, बिनसाखरेचा चहा पिऊन (म्हणजे आमच्यासमोर तरी बिनसाखरेचा) शेतात गेलेले आणि तेव्हापासून नुसते बांधानं फिरायलेत. पूजेआधी तोंडात घास घालायचा नाही हा त्यांचा कायदा तुला माहितीच आहे, लहानपणी आपण उंडा चोरला म्हणून दोघांनाही सारखाच प्रसाद मिळालेला. तर मी बघतो, कडब्याच्या पेंढीला टेकून बसलेत, एवढ्या थंडीत कपाळावर घाम, सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरायलेत. मी म्हणलं आबा काय होतंय, तर माझ्याकडं टक लावून बघत म्हणतेत, "किसन, बैलं सोडलीस का?"

आता बोल. बैलं विकून किती वर्षं झाली, आणि किसन म्हणजे तुझे गेलेले अण्णा. मी हललोच. आत्या लगेच म्हणाली बाहेरचं काहीतरी लागलंय, अमावस्या आहे, लिंबू आणा. लिंबू आणायला एक पोरगं पळालं पण! सुरेखाचं डोकं जागेवर होतं म्हणून बरं. तिनं पिशवीतून शुगरचं मशीन काढलं, बोटाला टोचलं, ५२. सत्तरच्या खाली गेलं की धोका असतो, हा आकडा तिनं कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. शुद्धीवर होते, गिळता येत होतं म्हणून पाजली, माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काही घालायचं नसतं, तसाच दवाखान्यात न्यायचा असतो. मग पंधरा मिनिटं थांबायचं आणि परत टोचून बघायचं. ती पंधरा मिनिटं, दत्त्या. मध्ये मध्ये ते अण्णांशीच बोलत होते, आणि त्यात स्पष्ट म्हणाले, "किसन, सुई घेऊ नको बरं का."

परत बघितलं तर ८४. डोळे नीट झाले, सगळ्यांकडं बघितलं आणि पहिला शब्द काय तर "खीर वाढा." सहा महिने ज्या खिरीवरनं आमच्या घरात महाभारत चाललंय ती मायनं त्या दिवशी स्वतःच्या हातानं वाढली, वर भज्जी-भाकरी पण नीट खायला लावली, कारण सकाळच्या त्या शुगरच्या गोळीचा अंमल दिवसभर असतो, नुसतं साखरपाणी पाजून भागत नाही, परत खाली जाऊ शकते. लिंबू आलं तोवर सगळे जेवायला बसलेले. आत्या अजून म्हणते लिंबू आणायला निघाले तेव्हाच उतरलं.

दुसऱ्या दिवशी लातूरला नेलं. तर तिथं वेगळंच नाटक. आबांनी गेल्या वेळेस काय केलं होतं माहितीय का, तपासणीच्या आधी दोन दिवस भाकरी बंद, नुसती मेथीची भाजी आणि ताक, वर कारल्याचा रस. उपाशीपोटीची शुगर आली १२६ आणि हे दवाखान्यातून जावयासारखे ऐटीत बाहेर. ह्या वेळेस डॉक्टरनं तीन महिन्यांची टेस्ट पण लावली, ती आली ९.८. डॉक्टर हसायलाच लागला. म्हणाला आबा, रक्तातल्या लाल पेशी तीनेक महिने जगतेत, त्यांना जी साखर चिकटलीय ती दोन दिवसांच्या मेथीनं निघत नसते. आबा गप. मग म्हणाले मी तर भाकरीच खातो, भाकरीनं शुगर होत नाही. डॉक्टर म्हणाला ज्वारी चांगलीच आहे, पण शेवटी पीठच की ते, एका वेळेला चार खाल्ल्या तर वाढणारच. तर आबा काय म्हणावेत, "मग काय कडबा खाऊ का?" कंपाउंडर पण हसला. मला हसू येईना, कारण दुसरा रिपोर्ट माझ्या हातात होता, किडनीचा, क्रिएटिनिन १.७, म्हणजे वाढलेलं.

म्हणजे असं झालंय की एकीकडं साखर लई जास्त आणि दुसरीकडं जेवण चुकलं की एकदम खाली. किडनी थकली की ती गोळी अंगातून लवकर बाहेर पडत नाही, साचून राहते, म्हणून असा झटका येतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तर जास्तच. डॉक्टरनं ती गोळी बंद केली, दुसरी शुगरची गोळी, मेटफॉर्मिन, निम्म्यावर आणली आणि म्हणाला आता रात्री झोपताना इन्सुलिन घ्या, ८ युनिट, बस. पेन असतं म्हणे. शिवाय ह्या वयात तीन महिन्यांच्या टेस्टमधल्या साडेसहा-सात आकड्याच्या मागं लागायचं नाही, आठच्या आत आली तरी मी खुश, असं म्हणाला. इन्सुलिननं पण खाली जाऊ शकते, म्हणून जेवण चुकवायचं नाही, पूजा असो की पांडव.

आबा तिथंच उठले. "मला सुई न्हाई." का, तर "किसनला सुई लावली आन म्हैन्यात किसन गेला."

घरी आल्यावर तर हट्टच धरला. मी सगळं करून बघितलं. त्या पेनची सुई दाखवली, ४ मिलिमीटर, बाभळीच्या काट्याच्या टोकाएवढी पण नाही. स्वतःच्या पोटात नुसती सुई टोचून दाखवली, पोरं टाळ्या वाजवायली. आबा म्हणतेत तुला शुगर न्हाई म्हणून दुखत न्हाई. आता ह्याला काय उत्तर आहे? पेन फ्रीजच्या दारात ठेवलंय, तर म्हणतेत, "औषधाला फ्रीज आन मला पंखा बी न्हाई." (उघडलेलं पेन साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण ३० डिग्रीच्या आत. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर जातं आणि लाईटचा भरवसा नाही, म्हणून सुरेखानं आत्तापासून छोटं मडकं आणि ओल्या वाळूची सोय बघून ठेवलीय. ते बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवायचं नसतं, गोठलं की वाया.) अख्खं गाव डॉक्टर झालंय. एक म्हणतो जांभळाच्या बिया, एक म्हणतो भेंडीचं पाणी, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, सुई लावू नका, एकदा लागली की सुटत नाही, बघा किसनचं काय झालं.

आता मी तुला हे का लिहायलोय ते तुझ्या ध्यानात आलं असेल.

अण्णांचं खरं काय झालं ते ह्या गावात दोघांनाच माहिती, तुला आणि मला, आणि तू गावात नाहीस. २०१२ च्या दुष्काळातली गोष्ट. छावणीवर जनावरं न्यायची म्हणून अण्णा दिवसभर त्या फाटक्या चपलेत, पायाला काय लागलं ते त्यांना कळलंच नाही, कारण पायच बधिर झालेले. चिघळलं. मग पाला बांधला, मग त्या बाबाचा लेप, मग "बरं होतंय" असं रोज ऐकत ऐकत महिना गेला. मी तेव्हा तुला म्हणलं होतं आजच गाडी कर. आणि तू चारचौघांत मला म्हणलास, तू काय डॉक्टर हाईस का, शाळेत घंटा वाजवायचं बघ. त्याच्यावरनं आपलं बोलणं किती दिवस बंद होतं ते तुला पण आठवत असेल. ते मी आता उकरत नाही. (उकरायलोयच, कळतंय मला. पण घंटा शिपाई वाजवतो, मी क्लार्क आहे, हे तेव्हा पण सांगायचं राहिलं होतं.)

दवाखान्यात नेलं तेव्हा पाय काळा पडलेला, विष अंगात भिनलेलं. ऑपरेशनच्या आधी साखर खाली आणायला म्हणून त्यांना इन्सुलिन सुरू केलं, आयुष्यात पहिल्यांदा. पाय काढला आणि तरी गेले. पण गावानं काय बघितलं? सुई लागली आणि माणूस गेला. सुईमुळं नाही गेले, सुई उशिरा लागली. आधी चार-पाच वर्षं लागली असती तर कदाचित आज आबांच्या शेजारी पारावर बसून दोघं मिळून आपल्याला शिव्या देत असते. हे मी आबांना सांगितलं तर म्हणाले, "तुला काय ठावं, दत्तू होता तिथं."

बरोबर आहे. तू होतास. म्हणून तूच सांगायला पाहिजे.

मला कळतंय मी काय मागायलोय. आबांना हे सांगायचं म्हणजे तुला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागणार की आम्ही उशीर केला. एवढ्या वर्षांत तू ते कुणासमोर बोलला नाहीस, माझ्यासमोर पण नाही, आणि मी पण कधी विचारलं नाही. तुझी बाजू मला माहितीय, पैसा नव्हता, विहीर आटलेली, वर अण्णाच नको म्हणत होते, दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. तुझ्या जागी मी असतो तर आबांना बळजबरीनं उचलून नेलं असतं का? आज नेता येईना की. एवढे दवाखाने, एवढे रिपोर्ट, खिशात पैसे, आणि आठ युनिटची सुई मला एका म्हाताऱ्याला लावता येईना. तर तुला बोल लावायला मी कोण. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात ते डॉक्टरशी नाही, अण्णांशी इमान राखायलेत. त्या दिवशी कडब्यापाशी बसून ते अण्णांनाच वाचवत होते ना.

आणि घाई ह्याच्यासाठी की पायाची पण गोष्ट सुरू झालीय. रात्री ते झोपले की मी मोबाईलच्या उजेडात त्यांचे तळवे बघतो, तो नेम लावून घेतलाय. परवा डाव्या पायाच्या चपलेत बारका खिळा वर आलेला, टाचेला भोक, मोज्याला रक्त. त्यांना विचारलं तर म्हणाले कुठं काय. दिवसभर त्या खिळ्यावर चाललेत, दत्त्या. जखम लहान होती, ड्रेसिंग केलं, भरायली. चप्पल फेकून दिली तर त्यावरून पण भांडण, दोनशे रुपयाची होती म्हणे. आता मऊ बूट घेतलेत, ते घालून पारावर जायला लाजतेत, पेन्शनर दिसतो म्हणतेत. डोळ्याचा पडदा पण तपासून घ्यायला सांगितलाय, वर्षातून एकदा बघायचाच असतो, ते पुढच्या आठवड्यात.

एक अजून. फोनवर त्यांना रागावू नको आणि आकडे सांगू नको. आमच्या घरात सहा महिने सगळे पोलीसच झालेत, माय साखरेचा डबा कपाटात लॉक करते, नातू चुगली करतो, आबा किराणा दुकानात उभ्या उभ्या पेढा खाऊन येतेत आणि दुकानदार मला सांगतो. ह्यानं काय झालं, तर माणूस खोटं बोलायला शिकला, दुसरं काही नाही. खाण्याचं मी आता सैल सोडलंय, दीड भाकरी, भाजी जास्त, सणाला वाटीभर खीर, पण वेळेवर आणि समोर बसून. तेवढं ऐकायलेत. राहिली फक्त सुई.

तुझं काय? पोरीचं बारावीचं वर्ष आहे ना, तिला म्हणावं बालाजीकाकानं ऑल द बेस्ट म्हणलंय. चाकणची नोकरी टिकली का, फ्लॅटचा हप्ता कसा चाललाय, वहिनीला नमस्कार. आणि तू स्वतःची शुगर कधी तपासलीस? बापाला होती, पोट तर तुझं दिवाळीच्या फोटोत तुझ्याआधी पोहोचलंय. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अभ्यासात देशात १० कोटींच्या वर शुगरवाले निघालेत, त्यात नंबर लावायची घाई करू नको. एकदा उपाशीपोटी जाऊन ये, तासाभराचं काम आहे.

आबांना फोन रविवारी कर, सकाळी साडेनऊनंतर. त्याआधी पोथी असते, आणि अकराला पारावर जातेत. मी लिहिलंय म्हणून सांगू नको, सहज केला म्हण. आधी पाच मिनिटं सोयाबीनवर बोल, बाजारभावाला शिव्या दिल्या की ते मोकळे होतेत. मग अण्णांचं काढ. ते गप झाले तर फोन ठेवू नको, गप झाले म्हणजे ऐकायलेत.

आणि तुला नाहीच जमलं तर नको करू. फक्त जमलं नाही एवढं मला कळव, मग मी थोरल्या आत्याला कामाला लावतो. ती लिंबू घेऊनच येईल, पण येईल.

तुझा,
बाल्या

ता.क. सोयाबीन अजून विकलं नाही, भाव हमीभावाच्या खालीच चाललाय. तुझ्या वाटणीच्या बांधावरचं आंब्याचं झाड विजेच्या तारेला लागायलंय, वायरमन म्हणतो फांदी तोडतो. तोडू देऊ का? लवकर सांग, तो दोनदा येऊन गेलाय.