जिवाणूंच्या बाटलीत जिवंत किती?

महोदय,

मणी फुगवणीच्या काळात भुरी (पानं-घडांवर पांढरी भुकटी धरणारा बुरशीचा रोग) आली की द्राक्ष बागायतदाराची कोंडी होते. औषध मारावं तर काढणी तोंडावर आलेली, आणि द्राक्षात औषधाचा अंश, म्हणजे रेसिड्यू, निघाला तर युरोपचा दरवाजा बंद. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे कंटेनर अडकले होते, ते नाशिक जिल्हा अजून विसरलेला नाही. अशा वेळी बॅसिलस सबटिलिस हा मातीतला जिवाणू फार कामाचा आहे. बुरशीच्या पेशींचं आवरण फोडणारी द्रव्यं तो स्वतः तयार करतो आणि रासायनिक औषधासारखा रेसिड्यूचा घोर लावत नाही. मात्र भुरी येण्याआधीच पानांवर, घडांवर त्याचा जम बसायला हवा. माझ्या थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या प्लॉटमध्ये मी तो संध्याकाळी, ऊन उतरल्यावरच फवारतो. बोर्डो किंवा कोणत्याही ताम्रयुक्त औषधात तो कधीच मिसळत नाही, कारण तांबं जिवाणूंनाही मारतं.

माझं गाऱ्हाणं विक्रीबद्दल आहे. गेल्या उन्हाळ्यात तालुक्यातल्या एका दुकानात स्यूडोमोनास फ्लुरोसन्स या अशाच दुसऱ्या रोगरोधक जिवाणूच्या बाटल्या तापलेल्या पत्र्याखाली रचलेल्या पाहिल्या. एक बाटली फुगलेली होती, झाकण उघडलं तर कुजका वास. लेबलवर मात्र एका मिलीत दहा कोटी जिवाणू! बॅसिलस बीजाणू करून, म्हणजे टणक कवचात सुप्त राहून, उष्णता सोसतो, स्यूडोमोनासला ती सोय नाही, तो उकाड्यात मरतो. म्हणजे शेतकरी पैसे मोजून मेलेलं पाणी फवारतो. मग रोग आटोक्यात आला नाही की ‘बायो काही चालत नाही’ म्हणत पुन्हा रासायनिक औषधांकडे वळतो. बदनाम होतो तो बिचारा जिवाणू, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

शिवाय नोंदणी क्रमांक नसलेल्या, ‘टॉनिक’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या बाटल्या आहेतच.

कृषी विभाग रासायनिक कीटकनाशकांचे नमुने घेतो, तसेच जिवाणूंचेही घ्यावेत, आणि तेही कंपनीच्या गोदामातून नव्हे, दुकानाच्या फळीवरून. जिवंत जिवाणूंची संख्या मोजून बॅचनिहाय निकाल ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी (फळांसाठी केल्या जाणाऱ्या छाटणीआधी) जाहीर करावा. थंड जागेची सोय नसलेल्या दुकानांना द्रवरूप जिवाणू विकायला परवानगीच देऊ नये.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)